चार वाजताची नाडी

रत्नागिरी
रविवार, ६ जुलै २०२५

ईशा,

वर आशीर्वाद लिहिला तर तू पत्राची घडी तिथेच घालशील, म्हणून थेट कामाचं लिहिते. तुझी नर्सभरतीची परीक्षा चौदा सप्टेंबरला आहे असं दादाने सांगितलं. तुझ्या बापाला तेवढं एक वाक्य बोलून फोन ठेवायचा होता, पण मी त्याची बहीण आहे, आणखी तीन वाक्यं काढून घेतली. तू वेळेवर जेवत नाहीस, संध्याकाळी दाभोळच्या धक्क्यावर एकटीच जाऊन बसतेस आणि माझा नंबर ब्लॉक केला आहेस. पोस्टमनला ब्लॉक करता येत नाही, म्हणून हे पत्र.

मारुती मंदिरापाशी पुस्तकांचं दुकान आहे तिथून तुझ्या परीक्षेचं गाइड आणलं. दुकानदार म्हणाला, ‘मावशी, मुलीसाठी का?’ मी भाचीसाठी म्हटलं. गाइड बरं आहे. ज्याने लिहिलं तो वॉर्डात कधी उभा राहिलेला नाही हे दुसऱ्या पानावरच कळतं, पण परीक्षा घेणारेही तसलेच असतात. हा प्रश्न बघ:

रक्त चढवत असताना रुग्णाला थंडी वाजून कंबर दुखू लागली. परिचारिका सर्वप्रथम काय करेल? (अ) डॉक्टरांना कळवेल. (ब) ब्लँकेट घालेल. (क) रक्त थांबवेल. (ड) ताप मोजेल.

निम्म्या मुली ‘अ’ लिहितात. डॉक्टरांना कळवलं की आपली सुटका झाली असं त्यांना वाटतं. तू ‘क’ लिहिशील हे मला माहीत आहे, कारण तुला मी शिकवलंय. आधी हात चालला पाहिजे, तोंड नंतर. प्रश्नात ‘सर्वप्रथम’ दिसलं की पेन्सिलीने खूण कर. एकूण चाळीस प्रश्न सोबतच्या कागदांवर उतरवले आहेत, उत्तरं लिहिलेली नाहीत.

नऊ एप्रिलबद्दल मी लिहिणार नव्हते, पण न लिहिलं तर तू म्हणशील आत्याला काही झालंच नाही. दर्शना गेली. चोवीस वर्षांची मुलगी सकाळी अकराला बाळंत झाली आणि संध्याकाळी पावणेआठला गेली. मला त्याचं वाईट वाटत नाही असं तुला वाटत असेल तर तू मला ओळखलंच नाहीस. चौकशी समितीने विचारलं, मी उत्तरं दिली. चार्टवर चार वाजताची नोंद होती, नाडी ब्याऐंशी, पुढे तुझी आद्याक्षरं. त्यावरून समितीने ठरवायचं ते ठरवलं. तुझी नोकरी मी घालवलेली नाही.

जेवत जा.

आत्या


रत्नागिरी
रविवार, २० जुलै २०२५

ईशा,

दादाने काल आपणहून फोन केला. इतक्या वर्षांत त्याने आपणहून केलेला हा तिसरा फोन असेल. नर्सिंग कौन्सिलची नोटीस आली म्हणाला. तुमचं रजिस्ट्रेशन रद्द का करू नये, खुलासा द्या. आपल्या रुग्णालयाची समिती चार सप्टेंबरला शेवटची बैठक घेऊन अहवाल कौन्सिलला पाठवणार आहे. रजिस्ट्रेशन गेलं तर परीक्षेत पहिली आलीस तरी उपयोग नाही, कुठल्याच दवाखान्यात तुला नर्स म्हणून उभं करणार नाहीत. दादा मला रागावला नाही. ‘मथुरा, तू सांगितलंस म्हणून तिला या लायनीत घातली,’ एवढंच म्हणाला. बोटीवर आयुष्य काढलेला माणूस, त्याला रागवायला जमत नाही. त्याने रागवायला हवं होतं.

तू समितीपुढे जे सांगितलंस ते मी शेजारच्या खुर्चीवर बसून ऐकलं होतं. ‘साडेतीनला इन्चार्ज सिस्टरनी मला स्टोअरमध्ये पाठवलं, माझे पेशंट त्या बघणार होत्या, मी पाच वाजून गेल्यावर परत आले.’ असं तू म्हणालीस. इन्चार्ज सिस्टर म्हणजे मी. अध्यक्षांनी तुझ्यासमोर चार्ट ठेवला. पाचपर्यंत तू वॉर्डात नव्हतीस, तर चारच्या नोंदीपुढे तुझी आद्याक्षरं कशी? तू माझ्याकडे पाहिलंस. मग त्यांनी मला विचारलं, तुम्ही असं काही म्हणाला होता? मी म्हटलं, आठवत नाही.

मला आठवत होतं. त्या दिवशी साडेचारला तपासणीची टीम येणार होती आणि तीन पलंगांवरच्या चादरी फाटक्या होत्या. स्टोअरकीपर मला भीक घालत नाही, तुझ्याशी बरा बोलतो, म्हणून मी तुला पिटाळलं. तू दाराशी थबकलीस. ‘आत्या, दर्शनाचं चारचं बघायचंय,’ असं म्हणालीस आणि जीभ चावलीस, कारण वॉर्डात आत्या म्हणायची तुला बंदी होती. मी म्हटलं, ‘मी बघते. तू जा आधी.’

हे मी आज लिहून देते आहे. तुला पाठवलेला कागद आहे, समितीचा नव्हे, हे मला कळतं.

आणखी पंचवीस प्रश्न सोबत आहेत. एकविसावा लिहिताना माझा हात अडला, पण गाइडात आहे म्हणून उतरवला:

कामाच्या गर्दीत परिचारिकेने रुग्णाला न तपासता मागच्या नोंदीवरून नाडीचा आकडा लिहिला. ही कृती कोणत्या प्रकारची आहे? (अ) वेळेची बचत. (ब) किरकोळ चूक. (क) खोटी नोंद. (ड) परिस्थितीनुसार योग्य.

आत्या


रत्नागिरी
रविवार, १० ऑगस्ट २०२५

ईशा,

तुझं पाकीट बुधवारी आलं. आत चिठ्ठी असेल म्हणून मी ते झटकून पाहिलं. नुसते प्रश्नांचे कागद, उत्तरं लिहिलेले. पासष्टपैकी साठ बरोबर आहेत. चार चुका घाईच्या आहेत, त्यांवर खुणा करून परत पाठवते. एकविसाव्यापुढे तू चारपैकी कशावरही खूण केलेली नाहीस. नुसतं लिहिलं आहेस, ‘याचं उत्तर तू लिही, आत्या.’

चार दिवस तो कागद ओट्यावर चहाच्या डब्याखाली ठेवला. आज लिहिते.

उत्तर ‘क’. ती नोंद माझ्या हातची आहे.

तू गेल्यावर मी चार्ट गोळा करून टेबलावर घेतले. तुला आपल्या वॉर्डाची रीत माहीत आहे, ती मीच पाडली. राऊंड असो, तपासणी असो, चार्टचा रकाना रिकामा दिसता कामा नये. नव्या मुलींना मी पहिल्या दिवशी हेच सांगायची. पेशंट झोपलेला असला, आधीचे आकडे बरे असले, तर उठवू नका, आधीचाच आकडा दोनाने वरखाली करून लिहा. मी त्याला खोटं म्हणत नव्हते, समजूतदारपणा म्हणत होते. दुसऱ्या वॉर्डांतल्या इन्चार्ज माझे चार्ट बघायला यायच्या आणि मी मान ताठ करून दाखवायची. ईशा, मला त्या चार्टांचा फार गर्व होता.

चारला मी सहा बाळंतिणींच्या नोंदी खुर्चीवर बसून लिहिल्या. दर्शनाची दोनची नाडी तू घेतलेली, चौऱ्याऐंशी. मी ब्याऐंशी लिहिली. पेशंट तुझी होती म्हणून पुढे ई. ना. लिहिलं. ज्याचा पेशंट त्याचं नाव, ही दुसरी रीत. तुला अडकवायचं माझ्या मनातही नव्हतं. त्या वेळी नव्हतं.

टीम त्या दिवशी आलीच नाही. पाच वाजून दहा मिनिटांनी तू चादरी घेऊन परत आलीस, दर्शनाच्या अंगावरचं पांघरूण काढलंस आणि ओरडलीस. खालची गादी रक्ताने भिजलेली होती. गर्भाची पिशवी मऊ पडून तासभर थोडं थोडं रक्त जात राहिलं होतं आणि पांघरुणामुळे वरून काही दिसत नव्हतं. तू पोट चोळायला लागलीस, मी सलाईन लावली, डॉक्टर धावत आले. तिला आत नेलं तेव्हा टेबलावर चार्ट उघडाच होता. फाडून टाकावासं वाटलं, पण मी चार्ट फाडणारी नाही, इतका माझा प्रामाणिकपणा. मी तो बंद करून कपाटात ठेवला. दुसऱ्या दिवशी सगळे म्हणायला लागले, चारपर्यंत मुलगी ठीक होती, नर्सने नंतर लक्ष दिलं नाही. मी गप्प बसले. माझ्या निवृत्तीला एकवीस महिने उरलेत, चौतीस वर्षांत एक मेमो नाही, आणि तू तरुण आहेस, तुला दुसरी नोकरी लागेल. असं मी मनाशी जुळवलं. त्या दिवशी आणि त्यानंतर रोज.

हे उद्या सुपरिंटेंडेंट साहेबांना लेखी देणार आहे.

आत्या


रत्नागिरी
रविवार, २४ ऑगस्ट २०२५

ईशा,

लेखी दिलं. साहेबांनी वाचलं, चष्मा काढला आणि मला बसायला सांगितलं. मग अगदी मायेने म्हणाले, ‘मथुराबाई, भाचीसाठी जीव तुटतो, समजतं मला. पण एप्रिलमध्ये एक सांगितलंत, ऑगस्टमध्ये दुसरं. कोण विश्वास ठेवणार? आणि तुमचा चार्ट खोटा असेल असं या रुग्णालयात एक तरी माणूस म्हणेल का?’ मी म्हटलं, अक्षर माझं आहे, पाहा. ते म्हणाले, आकडे कुणाचेही सारखेच दिसतात. आणि ई. ना. ही दोन अक्षरं मी इतक्या वर्षांच्या सवयीने छापल्यासारखी काढली आहेत, त्यांत माझं असं काही दिसत नाही. त्यांनी कागद परत दिला नाही, फाइललाही लावला नाही, खणात ठेवला. साहेब वाईट नाहीत. त्यांना मला वाचवायचं आहे आणि तू त्यांना आयती सापडली आहेस.

तीन रात्री झोप नाही. मग आठवलं, त्या दुपारी दर्शनाच्या पलंगाशी एक माणूस पूर्ण वेळ बसलेला होता आणि समितीने त्याला एकदाही बोलावलं नव्हतं. तिची सासू, सखू. काल एसटीने सावर्ड्याला गेले. तिथून रिक्षाने आत, त्यांच्या वाडीपर्यंत. दर्शनाचा नवरा ओमकार मुंबईला कामावर परत गेला आहे. घरी सखू, तिचा नवरा महिपत आणि बाळ. साडेचार महिन्यांची मुलगी आहे, अंगाने बरी आहे, वरच्या दुधावर आहे. तिचं नाव सानवी ठेवलंय.

सखूने मला ओळखलं. पाणी दिलं, पाठोपाठ कोकम सरबत दिलं. मी विचारलं, त्या दिवशी चार वाजता दर्शनाची नाडी बघायला कुणी आलं होतं का?

‘कुनी आला न्हाय,’ ती म्हणाली. ‘ती बारकी शिस्टर दोनला येऊन गेली, मंग तुमी तिला कुठंशी धाडलात. त्यावर कोन फिरकलाच न्हाय. मी तुमच्याकडं आलेली की.’

आता जे लिहिते आहे ते मागच्या पत्रात लिहायची हिंमत झाली नाही. सवाचारला सखू माझ्या टेबलाशी आली होती. म्हणाली, ‘ताई, सुनेचा हात गार लागताय. सारखी जांभया देतेय, पानी मागतेय.’ ईशा, गार हात, जांभया, तहान. हे तीन शब्द परीक्षेत आले तर तू झोपेतसुद्धा उत्तर देशील. पलंग माझ्यापासून बारा पावलांवर होता. मी उठले नाही. चार्ट तिच्यासमोर धरला, ब्याऐंशीवर बोट ठेवलं आणि म्हटलं, ‘हे बघा, आत्ताच नाडी घेतलीय, अगदी छान आहे. बाळंतिणीला गार लागतंच. पांघरूण घाला.’ तो आकडा मी पंधरा मिनिटांपूर्वी खुर्चीवर बसून मनाने लिहिला होता. बोट ठेवलं तेव्हा मलाही तो खराच वाटला, हे तुला पटणार नाही, पण तसं झालं. सखू परत गेली आणि तिने सुनेला पांघरूण घातलं.

चार्ट कसा लिहिला गेला ते मी तिला सांगितलं. महिपत दारात बसले होते, ते उठून परसात गेले. सखूने बाळाचं दुपटं नीट केलं. मग तिने विचारलं, ‘मंग तवाच बघितला असतात तर वाचली असती ती?’

मी म्हटलं, ‘काही सांगता येत नाही.’

आपण नातेवाइकांना म्हणतो तेच. सखूने मान हलवली. चार सप्टेंबरला रत्नागिरीला येऊन जे पाहिलं ते सांगाल का, असं मी विचारलं, तर म्हणाली, ‘त्या पोरीचा काय दोष? येईन मी.’

परवा हरतालिका, बुधवारी गणपती. वहिनीने यंदा मला ये म्हटलेलं नाही. तिचं चुकलं नाही.

आत्या


रत्नागिरी
शुक्रवार, ५ सप्टेंबर २०२५

ईशा,

निकाल आधी सांगते, म्हणजे पुढचं वाचायचं की नाही ते तुला ठरवता येईल. काल समितीने तुझ्यावरचा ठपका काढला. चारची नोंद तुझी नाही, तू वॉर्डात नव्हतीस, परत आल्यावर तू केलेली धावपळ बरोबर होती, असा अहवाल कौन्सिलला जाणार आहे. तुझं रजिस्ट्रेशन शाबूत राहील. प्रत मेट्रनच्या सहीशिक्क्यासह दादाच्या पत्त्यावर रजिस्टर पोस्टाने निघाली. चौदा तारखेला जा आणि पेपर दे. मला निलंबित केलं आहे, माझं प्रकरण वेगळं कौन्सिलकडे जाईल. ते मी बघून घेईन.

बैठक दीड तास चालली. सखू सानवीला घेऊन पहाटेच्या गाडीने आली होती. तिने जे पाहिलं ते एका दमात सांगितलं, माझ्या टेबलाशी आल्याचं, पांघरुणाचं, सगळं. साहेबांनी विचारलं, आजी, वेळ सवाचारचीच कशावरून? ती म्हणाली, मुलाचा मुंबईहून फोन आला तो चारला, त्याच्याशी बोलून मी उठले. ओमकारच्या मोबाईलवर तो कॉल अजून आहे. त्यानंतर माझा ऑगस्टचा कागद खणातून बाहेर आला आणि अध्यक्षबाईंनी चार्टवरची चारची नोंद मोठ्याने वाचली.

या वेळी अध्यक्षबाई बाहेरच्या होत्या, डॉक्टर, वयाने माझ्याहून लहान. त्यांनी मला दोन प्रश्न विचारले. पहिला, चौतीस वर्षांत अशा किती नोंदी केल्या असतील? मला आकडा सांगता आला नाही. शेकड्यांनी की हजारांनी, तेसुद्धा नाही. त्यांतल्या किती बाया घरी गेल्या आणि किती नाही, ते मला कुणी विचारलं नाही, पण काल दुपारपासून मी स्वतःला विचारते आहे आणि ते थांबत नाही.

दुसरा प्रश्न सखूचाच होता. सवाचारला तुम्ही पेशंट पाहिला असतात तर? सखू समोर बसली होती, बाळ तिच्या खांद्यावर झोपलेलं. मला परत तेच म्हणता आलं असतं. अध्यक्षबाईंनाही ते चाललं असतं, डॉक्टर लोकांना ते वाक्य चालतं. मी म्हटलं, ‘वाचली असती. पंचावन्न मिनिटं हातात होती.’

बैठक संपल्यावर मी तिला स्टँडवर सोडायला गेले. चिपळूणची गाडी लागली होती, तिला खिडकीशी जागा मिळाली. मी खाली उभी राहिले. तिने सानवीला मांडीवर नीट घेतलं आणि मग बाहेर बघून म्हणाली, ‘आमच्या घरी आलात तवा सांगता येत न्हाय म्हनलात.’

मी म्हटलं, ‘भीती वाटली.’

‘कसली?’

‘तुमची.’

तिच्या तोंडावर राग नव्हता, राग असता तर मला बरं वाटलं असतं. ‘ताई,’ ती म्हणाली, ‘मना वाचाया येत न्हाय. त्या कागदावर काय होता ता मना आज कळला, त्या बाईंनी मोठ्यानं वाचला तवा. त्या दिशी तुमी बोट ठेवलात, म्हनून मी गप झाली.’

कंडक्टरने घंटा मारली. गाडी वळून स्टँडबाहेर गेली.

आत्या